चौतीस वर्षांपूर्वीचं बीपी

आज मावशीला घेऊन धंतोलीत हार्टच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. दोन महिन्यांपासून तिची पाठ अन् जबडा दुखून राहिला होता, जिना चढली की धाप. घराजवळच्या डॉक्टरांनी ॲसिडिटीच्या गोळ्या देऊन पाठवलं. मावशीचं पालुपद एकच, "गॅस होऊन राहिला गं, दुसरं काही नाही." पर्समध्ये ओव्याची पुरचुंडी.

बाईंचा पहिलाच प्रश्न: "बाळंतपणात बीपी वाढलं होतं?" मावशी हसायलाच लागली. पोरगा चौतीस वर्षांचा आहे! पण वाढलं होतं, पायावर सूज होती, मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात ठेवलं होतं. गरोदरपणात तसं झालेल्या बायकांना पुढे हृदयविकाराचा धोका जास्त असतो म्हणे. मला पन्नाशीला येईस्तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

ईसीजी, इको झालं. पुढच्या आठवड्यात अँजिओग्राफी. त्यात मोठ्या नळ्या मोकळ्या दिसल्या तरी बारीक रक्तवाहिन्यांचा त्रास असू शकतो, बायकांमध्ये हे जास्त दिसतं, असं त्यांनी कागदावर झाडाच्या फांद्या काढून समजावलं.

घरी येऊन वाचत बसले. हार्ट अटॅक टाळायला ॲस्पिरिन, यावरचा अमेरिकेतला गाजलेला अभ्यास, निकाल १९८९ चा: २२,०७१ डॉक्टर, सगळे पुरुष. एकही बाई नाही! तिथे सरकारी पैशावरच्या संशोधनात बायका घ्याच, असा कायदा व्हायला १९९३ उजाडलं.

मावशी आत्ताच विचारून गेली, "अँजिओग्राफीच्या दिवशी डबा कोण करंल?"