पिवळ्या एक्केचाळीस ओळी

लॅबमध्ये रुजू झाले त्या पहिल्याच आठवड्यात प्रोफेसरबाईंनी एक एक्सेल फाइल पाठवली आणि म्हणाल्या, "हे एवढं मार्गी लाव, म्हणजे पेपर पाठवता येईल." २०१७चा ऑगस्ट होता. अमेरिकेतल्या मिडवेस्टमधलं एक सरकारी विद्यापीठ, मानसशास्त्र विभागाचं तळघर, खिडकी नाही, आणि दारावर 'मानसशास्त्र व कायदा' अशी पाटी. मी पुण्यातून एम.ए. करून पीएचडीला गेलेली. नवा भिडू म्हणून जुनं काम माझ्या गळ्यात पडलं, हे तेव्हा कळलं नाही. 'एवढं' मार्गी लागायला चौदा महिने गेले.

फाइल २०१२ सालच्या प्रयोगाची होती. प्रयोग आमच्या क्षेत्रात अगदी नेहमीचा. विद्यार्थ्यांना लॅपटॉप चोरीचा छोटा व्हिडिओ दाखवायचा, मध्ये थोडा वेळ जाऊ द्यायचा, मग सहा फोटो समोर ठेवून विचारायचं, चोर यात आहे का? निम्म्या लोकांच्या सहा फोटोंत चोर असतो, निम्म्यांच्या नसतोच. नसताना किती जण कुणाला तरी बोट दाखवून मोकळे होतात, ते मोजायचं. गंमत म्हणून कोणी हे करत नाही. चुकून शिक्षा झालेल्यांना सोडवणाऱ्या इनोसन्स प्रोजेक्ट या संस्थेने अमेरिकेत डीएनएच्या आधारे निर्दोष ठरलेल्यांचा हिशेब ठेवला आहे. पहिल्या ३७५ प्रकरणांत सुमारे ६९ टक्के ठिकाणी साक्षीदाराने चुकीच्या माणसाला ओळखलं होतं. खोटं बोलून नव्हे, मनापासून.

तर त्या फाइलमध्ये, जिथे एक ओळ म्हणजे प्रयोगात बसलेला एक जण, ४१ ओळी पिवळ्या रंगवलेल्या होत्या. शेवटच्या रकान्याचं शीर्षक 'काढायच्या?', प्रश्नचिन्हासकट. जुन्या कच्च्या मसुद्यात त्या काढूनच आकडे मांडले होते. ठेवल्या तर निकाल एकीकडे झुकायचा, काढल्या तर दुसरीकडे. आणि का काढल्या, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. प्रोफेसरबाई म्हणाल्या, "तेव्हाच्या मुलांना विचार."

तेव्हाची मुलं म्हणजे कॉरिडॉरमधल्या भिंतीवरचे फोटो. दर वर्षी मे महिन्यात सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचा, खाली लेबल मशीनच्या पांढऱ्या पट्ट्यांवर नावं. २०१२च्या फोटोत चौघं होते. एक आता सरकारी बचाव पक्षाच्या कार्यालयात वकील, एक शाळेत समुपदेशक, एक ज्युरी निवडताना वकिलांना सल्ला देणारी, आणि चौथ्याने पीएचडी अर्धवट सोडून बेकरी काढलेली. तिघांचे पत्ते दोन दिवसांत मिळाले. बेकरीवाल्याचा एक जुना ईमेल होता, तो तो उघडतच नसे.

मी चौघांना एकच मेल लिहिला. 'त्या ४१ जणांनी लक्ष तपासणारा प्रश्न चुकवला होता म्हणून त्यांना काढलं, बरोबर ना?' असं विचारलं. (माणूस नीट वाचतोय ना, हे बघायला प्रश्नावलीत मध्येच असा एक प्रश्न टाकतात.) माझा अंदाज पक्का होता. दुसरं कारण तरी काय असणार? तासाभरात वकिलाचं उत्तर सगळ्यांना आलं: 'हो, बरोबर.' मी लगेच, तेही सगळ्यांना, लिहिलं: 'थँक्यू! हेच हवं होतं!' संध्याकाळी समुपदेशक: 'मलाही तसंच आठवतंय.' दुसऱ्या दिवशी ज्युरीवाली: 'नक्कीच. मीटिंगमध्ये आम्ही यावर चांगली अर्धा तास चर्चा केली होती.' मी खूश. पेपरमधल्या पद्धतीच्या भागात एक वाक्य घातलं आणि शुक्रवारच्या मीटिंगला गेले.

प्रोफेसरबाईंनी मेल वाचले, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि शांतपणे विचारलं, "आपण या लॅबमध्ये काय शिकवतो?"

मग मी २०१२ची छापील प्रश्नावली शोधून काढली. त्यात लक्ष तपासणारा प्रश्नच नव्हता. तो पुढच्या प्रयोगापासून सुरू झाला होता.

हे वाचणाऱ्यांत मानसशास्त्राची मुलं असतील तर त्यांना लॉफ्टस आणि पामरचा १९७४चा प्रयोग पाठ असेल. लोकांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना 'लागल्या' तेव्हा वेग किती होता. काहींना विचारलं, 'धडाडून आदळल्या' तेव्हा किती होता. आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली का? 'आदळल्या' ऐकलेल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले, 'लागल्या' ऐकलेल्या ५० पैकी ७. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. हा प्रयोग मी पुण्यात तीनदा परीक्षेत लिहिला होता, पंधरा मार्कांना. आणि माझ्या तीन ओळींच्या मेलने तीन हुशार माणसांना नसलेली काच दाखवली होती.

चुका मोजल्या तर लाज वाटेल अशा. प्रश्नातच उत्तर. सगळे साक्षीदार एकमेकांचं ऐकत होते. 'आठवत नाही' म्हणायची मुभा कुणालाच दिली नाही. वर शाबासकी. एखाद्या साक्षीदाराला 'छान, बरोबर ओळखलंत' एवढंच म्हटलं तरी त्याची खात्री वाढते आणि आपण चेहरा किती नीट पाहिला होता हेही तो फुगवून सांगायला लागतो, हे वेल्स आणि ब्रॅडफिल्ड यांनी १९९८ साली दाखवलंय. ज्युरीवालीची ती अर्ध्या तासाची चर्चा, मला आजही वाटतं, माझ्या 'थँक्यू'तूनच जन्मली.

त्या रात्री मामाला फोन केला. मामा नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाला. कार्यकारी दंडाधिकारी या नात्याने त्याने सब-जेलात कितीतरी ओळख परेड घेतल्या होत्या. मी सगळं रडगाणं गायले. तो आधी हसला. मग म्हणाला, "पोरी, परेडीत पहिलं काम म्हणजे पोलिसांना बाहेर काढायचं. एका आरोपीला निदान सहा डमी, त्याच वयाचे, त्याच अंगलटीचे. आरोपीला हवं तिथे उभं राहू द्यायचं, कपडे बदलायचे तर बदलू द्यायचे. ओळखून झालेल्या साक्षीदाराला बाहेर थांबलेल्याशी बोलू द्यायचं नाही. आणि परेड संपली की तिथल्या तिथे पंचनामा. घरी जाऊन आठवून लिहीन म्हणालास, तर वकील कोर्टात सोलून काढतो." थोडं थांबून, "तुमच्याकडे पंचनामा नसतो का?"

हे मी सोमवारी बाईंना सांगितलं. त्यांना 'पंचनामा' शब्द इतका आवडला की लॅबच्या फळ्यावर तो त्यांनी रोमन लिपीत लिहून ठेवला, आणि पुढची चार वर्षं मुलं त्याचा जमेल तसा उच्चार करत राहिली. सहा डमी ऐकून त्या चकितच झाल्या. अमेरिकेत सहा फोटोंत संशयित एक आणि बाकीचे पाच, अशीच पद्धत रुळलेली आहे. (परेडीबद्दलची सूचना कागदावर असणं वेगळं आणि पाळली जाणं वेगळं, हे मामानेच मागाहून सांगितलं. डमी आणायला पोलीस टपरीवर जातात आणि दाढीवाल्या आरोपीशेजारी सगळे गुळगुळीत उभे करतात, मग मामाला त्यांना परत पाठवावं लागायचं.)

आता बिघडवलेल्या साक्षी दुरुस्त होत नसतात. तरी तिघांशी वेगवेगळं फोनवर बोलले. या वेळी फक्त, "त्या उन्हाळ्यातलं तळघर डोळ्यांसमोर आणा, कोण कुठे बसायचं ते सांगा, आणि आठवत नसेल तर तसं म्हणा." वकील जरा वेळाने म्हणाला, "खरं सांगू? मला काहीच आठवत नाही. तू इतक्या खात्रीने लिहिलं होतंस, म्हणून हो म्हटलं." समुपदेशकाचंही तेच. ज्युरीवाली मात्र आपल्या चर्चेवर ठाम राहिली.

राहिला बेकरीवाला. माझा मेल न वाचलेला एकमेव साक्षीदार. पहाटे तीनला उठणारा माणूस, त्यामुळे दुपारी एकनंतर फोन घेणारा. त्याला ४१ हा आकडा ओळखीचा वाटला नाही. पण तळघराबद्दल बोलता बोलता म्हणाला, "एक मॉनिटर जुना होता, चौकोनी. त्यावर खालची ओळ कापली जायची. सहावा फोटो दिसायचाच नाही, खाली सरकवल्याशिवाय. मी वहीत लिहिलं होतं."

वही कुठे? संमतिपत्रांच्या कपाटात. संमतिपत्रं अभ्यास संपल्यावर निदान तीन वर्षं ठेवायचा नियम आहे. ती मुदत केव्हाच उलटली होती आणि मी यायच्या आधीच्याच उन्हाळ्यात सगळा गठ्ठा कागद फाडायच्या यंत्रात गेला होता. मी तर आशाच सोडली. पण वही जाड पुठ्ठ्याची, यंत्रात जाईना, म्हणून कुणीतरी ती कपाटाच्या मागच्या बाजूला खोचून ठेवलेली. धूळ झटकली. जूनच्या एका पानावर, पेन्सिलीने: 'मशीन ३ वर सहावा फोटो कापला जातोय. यांना काढायचं का? विचारणे.' खाली रोजची यादी, कुठला क्रमांक कुठल्या मशीनवर बसला त्याची. म्हणजे त्याने विचारलं होतं, उत्तर कुणी दिलं नव्हतं, आणि पुढच्याने प्रश्नचिन्हाकडे न बघता ओळी काढून टाकल्या होत्या.

यादीशी ताडून पाहिल्या तर ४१ पैकी ३८ ओळी मशीन ३च्या निघाल्या. उरलेल्या तिघांचं काय, ते आजतागायत कळलेलं नाही. आम्ही ३८ काढल्या, ३ ठेवल्या, निकाल दोन्ही पद्धतींनी मांडला आणि सगळी हकिगत तळटीपेत लिहिली. निकाल आधीच्यापेक्षा पुष्कळ मिळमिळीत झाला. पेपर दोन ठिकाणांहून परत आला, तिसऱ्या ठिकाणी लागला. लेखकांत बेकरीवाल्याचं नाव घालायचं होतं. तो नको म्हणाला. शेवटी आभारांत चालेल म्हणाला, आणि एका खोक्यातून दालचिनीचे रोल पाठवले, जे आले तेव्हा दगड झाले होते. आम्ही ते चहात बुडवून खाल्ले.

२०२२ साली मी बाहेर पडले. आता मीही भिंतीवर आहे, खालच्या रांगेत डावीकडून दुसरी. गेल्या महिन्यात लॅबमधल्या एका नव्या मुलीचा मेल आला. माझ्या एका फाइलमध्ये रिकाम्या उत्तरांसाठी काही ठिकाणी उणे ९ आहे आणि काही ठिकाणी ९९. त्याबद्दल काय आठवतं ते तुमच्या शब्दांत सांगा, आठवत नसेल तर तसं कळवलं तरी चालेल. प्रत दुसऱ्या कुणालाही नाही. मी लिहिलं, आठवत नाही, हिरवी वही बघ, कपाटाचा दुसरा कप्पा. तिचं उत्तर आलं: विभाग नव्या इमारतीत गेला, ते कपाट हलवताना आतल्या वस्तू तीन खोक्यांत भरल्या, दोन सापडलीत, तिसरं शोधतेय.