बार्बेक्यूच्या टेबलाला आगीपेक्षा पाण्याचं भय

पावसाळा सरल्यावर गोव्यातल्या शिवोलीच्या एका बंगल्यातून बार्बेक्यूशेजारचं सागवानी टेबल दुरुस्तीला आलं. एका बाजूची कडा काळी पडली होती, त्यामुळे आगीनं टेबल गेलं असा घरच्यांचा समज. आडवं पाडून पायाच्या तळाला स्क्रूड्रायव्हर टोचला, तर तो अंगठाभर आत गेला.

ओल लागू नये म्हणून टेबल चिऱ्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांवर, उभं केलं होतं, आणि घात तिथंच झाला. चिरा सच्छिद्र. पाऊस पिऊन तो दिवसच्या दिवस ओला राहतो, आणि लाकूड सगळ्यात जास्त पाणी ओढतं ते कापलेल्या तोंडातून. त्यात पायांना एका अंगाला पांढरं, म्हणजे सालीलगतचं, लाकूड होतं. सागाचा गाभा टिकतो, पांढरं टिकत नाही.

टणक लाकूड लागेपर्यंत पाय कापले, चारही दोन-दोन इंच गेले. तोंडांना दोन भाग मिसळून घट्ट होणारं इपॉक्सी राळ पाजलं. शोषणं थांबेपर्यंत हात देत राहायचं, एका हातात भागत नाही. मग नायलॉनच्या बुडाचे स्टेनलेस बोल्ट बसवले. उंची इंचभर परत मिळाली, लाकूड जमिनीपासून सुटलं.

वरचा फळा मधोमध चिरला होता. फळ्या एकमेकींना चिकटवून चौकटीला स्क्रूनं आवळलेल्या. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत फुगतं. आमच्या दमट हवेत त्याला जागा हवीच. म्हणून फळा चिरून तीन इंची पट्ट्या काढल्या, मध्ये दीड सूत (साधारण पाच मिलिमीटर) फट, प्रत्येक टोकाला मधोमध एकच स्क्रू. आठ नंबरच्या स्क्रूला आधी तीन मिलिमीटरचं भोक पाडायचं, नाहीतर टोक फुटतं. साधे स्क्रू गंजून सागावर काळे डाग पडले होते. समुद्राजवळ ३१६ प्रतीचं स्टेनलेसच घ्यावं, ३०४ प्रतीवरसुद्धा तांबूस डाग येतात.

जळक्या कडेचं काम त्या मानानं सोपं. टेबल बार्बेक्यूच्या निखाऱ्याच्या ड्रमपासून चांगलं दूर ठेवायचं आणि त्या अंगाला स्टेनलेसचा पत्रा लावायचा, पण लाकडाला चिकटवून नाही. मागे बुश (अंतर राखणाऱ्या छोट्या नळ्या) घालून अर्धा इंच हवा खेळती ठेवायची; टेकलेला पत्रा ताप सरळ लाकडात उतरवतो.

शेवटी जवसाचं तेल दिलं. तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत, ती आपोआप तापून पेटतात, पसरून वाळवावीत. आणि व्हार्निश लागलेले किंवा प्लायचे तुकडे मासळी भाजायच्या निखाऱ्यात अजिबात घालू नयेत, त्यांचा विषारी धूर खाण्यात उतरतो.