जर्मनीतील इंटर्नशिपची तयारी, मुक्काम सोलापूर

वस्त्र अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी मी 2023 साली जर्मनीत गेले. आमच्या अभ्यासक्रमात वीस आठवड्यांची इंटर्नशिप अनिवार्य आहे, आणि ती मिळवण्याची जबाबदारी सर्वस्वी विद्यार्थ्याची असते. हिवाळी सत्र आटोपून फेब्रुवारी 2025 मध्ये मी सोलापूरला घरी आले, तेव्हा माझे चौदा अर्ज जाऊन पडलेले होते आणि होकार एकाचाही नव्हता.

पहिली चूक अगदी साधी निघाली. इंटर्नशिप अनिवार्य आहे की ऐच्छिक, याचा उल्लेखच मी अर्जाच्या पत्रात केलेला नव्हता. तिकडे ऐच्छिक इंटर्नशिप तीन महिन्यांहून अधिक चालली, तर तिला किमान वेतन द्यावे लागते, जे 2025 साली ताशी 12.82 युरो होते. अभ्यासक्रमाने सक्तीच्या केलेल्या इंटर्नशिपला मात्र ते बंधन नाही, त्यामुळे कंपनीला सर्वांत आधी तेच जाणून घ्यायचे असते. युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना वर्षाकाठी 140 पूर्ण दिवस काम करण्याची जी मर्यादा आहे, तिच्यातही अनिवार्य इंटर्नशिपचे दिवस धरले जात नाहीत. विद्यापीठाला ईमेल करून मी तसे प्रमाणपत्र मागवले आणि पत्राच्या पहिल्याच वाक्यात ही बाब घातली.

दुसरी अडचण बायोडेटाची होती. अभियांत्रिकीची पदवी घेत असताना दोन उन्हाळ्यांच्या सुट्टीत मी काकांच्या टॉवेलच्या कारखान्यात जात असे, आणि त्याबद्दल मी ‘टॉवेल कारखान्यातील कामाचा अनुभव’ एवढी एकच ओळ लिहिली होती. खरे सांगायचे तर घरच्या कारखान्याचे काय सांगायचे, असा संकोचही होता. तिकडच्या एका वरिष्ठ मैत्रिणीने ती ओळ वाचून माग कोणते, किती, तू नेमके काय मोजलेस, असे प्रश्न विचारले आणि मला एकाचेही धड उत्तर देता आले नाही.

म्हणून मार्चमध्ये वही घेऊन मी पुन्हा अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत गेले. टॉवेलच्या मागाला ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन बीम (रूळ) असतात, एक पायाच्या घट्ट ताण्याचा आणि दुसरा ज्याचे फासे, म्हणजे टॉवेलवरची सुताची वेटोळी, होतात त्या सैल ताण्याचा. बाण्याचे, म्हणजे आडवे, दोन धागे कापडापासून थोडे अंतर राखून थांबतात, तिसऱ्या धाग्याला फणी पूर्ण ठोका देते आणि तिघेही एकदम पुढे सरकतात. त्या सरकण्यात सैल ताण्याचे फासे वर येतात. इतकी वर्षे हे डोळ्यांसमोर घडत होते, पण शब्दांत मी ते प्रथमच मांडत होते. फाशाला किती सूत लागते ते कसे काढायचे, असे मी मागांची देखभाल करणाऱ्या जॉबरमामांना विचारले. ते म्हणाले, “तुकडा काप आन् धागा ओढून बघ की, वही कशाला?” टॉवेलचा दहा सेंटिमीटर लांबीचा तुकडा कापून त्यातला फाशाचा एक धागा आम्ही हळूच उसवला आणि पट्टीवर ताणून धरला, तेव्हा तो बावन्न सेंटिमीटर भरला. बायोडेटात त्या एका ओळीच्या जागी चार ओळी आल्या.

जर्मनीत प्रत्येक दाव्यामागे कागद लागतो, म्हणून काकांकडून अनुभवपत्रही घ्यायचे होते. त्यांनी लेटरहेडवर मोठ्या मायेने लिहून दिले की, मुलगी स्वभावाने गोड असून तिने काम शिकण्याचा मनापासून प्रयत्न केला. जर्मन अनुभवपत्रांची एक ठरलेली सांकेतिक भाषा असते आणि तिच्यात ‘प्रयत्न केला’ याचा अर्थ ‘जमले नाही’ असा घेतला जातो. हे सांगितल्यावर काका काही वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “अगं, मी तर तुझं कौतुक केलंय!” अखेर तारखा, कामाचे स्वरूप आणि मोजमापांची जबाबदारी एवढेच लिहिलेले कोरडे पत्र तयार झाले. त्यावर सही करताना ते नाराजच होते.

नव्या सहा अर्जांपैकी एका कंपनीने 31 मार्चला जर्मनीतील सकाळी दहा वाजता व्हिडिओवर मुलाखत ठेवली. साडेचार तासांच्या फरकाने दुपारचे अडीच, असे मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवले. आदल्या दिवशी पाडवा होता. गुढी उभारून झाल्यावर शुभेच्छा द्यायला त्याच मैत्रिणीचा फोन आला, आणि बोलता बोलता ती म्हणाली की आज त्यांची एक तासाची झोप गेली. मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपातील घड्याळे एक तास पुढे करतात, हे मी साफ विसरले होते. फरक साडेतीन तासांवर आला होता आणि मुलाखत दीडला होती!

मुलाखत पाऊण तास चालली. सुरुवातीचे प्रश्न जर्मनमध्ये होते आणि तिथे मी दोनदा अडखळले, परंतु फाशाचे सूत कसे मोजले या प्रश्नावर मी तो उसवलेला तुकडाच कॅमेऱ्यासमोर धरला. समोरच्या अभियंत्याने दोनच शब्दांत पुढचा प्रश्न विचारला: तुकडे किती? मी एकच कापला होता आणि तसे सांगितले. एका तुकड्यावरून निष्कर्ष काढू नये, असे तो शांतपणे म्हणाला. त्याच दुपारी मी आणखी चार तुकडे मोजून आकडे पाठवले.

एप्रिलच्या मध्यावर करारपत्र आले. 1 सप्टेंबर 2025 ते 16 जानेवारी 2026. सोबत विद्यापीठाचे प्रमाणपत्र आणि आरोग्य विम्याचा दाखला मागितला होता. तोवर मी जर्मनीत परतले होते, म्हणून तारखा फोनवरच वाचून दाखवल्या. आईने त्या ऐकून घेतल्या आणि जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात भरणारी गड्डा यात्रा आठवून म्हणाली, “म्हणजे गड्ड्याला तू नाहीस.”