तुम्ही विचारलंत म्हणून: गुंड्याचे केस जातात कुठे?

बघा, हल्ली मला सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न म्हणजे धंदा कसा चाललाय हा नव्हे. "काय ओ, कुत्रं रोज गाडीत असतंय, तरी तुमच्या गाडीत केस कसे दिसत न्हाईत, कुठली मशीन घेतलीसा?" हा. गल्लीत विचारतात, इथं बेळगावात कारखान्यांच्या उद्यमबागेत चहाच्या टपरीवर विचारतात, परवा तर शहापूरला एका लग्नात अक्षता हातात असताना शेजारच्यानं विचारलं. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी हेच पाठवून देता येईल.

मशीन नाही. भांडी घासायचे रबरी हातमोजे, आमच्या आईचे, सिंकखाली असतात ते.

आता सविस्तर. गुंड्या म्हणजे आमचा लॅब, लॅब्रेडॉर कुत्रा, फिकट पिवळा, वजन चौतीस किलो, आणि गाडीचं दार उघडल्याचा आवाज त्याला झोपेतसुद्धा ऐकू येतो. गाडी एर्टिगा, सीटा बेज. त्यामुळं झालंय असं की सीटवर केस दिसतच नाहीत, सीट त्याच रंगाची आणि केस त्याच रंगाचे, बसणारा बिनधास्त बसतो आणि उतरल्यावर कळतं. आमचे मामा एकदा काळी पँट घालून टिळकवाडीपर्यंत बसून आले आणि उतरले ते मागच्या बाजूनं जणू लॅबच. काही बोलले नाहीत, फक्त परत जाताना रिक्षा केली. तेवढ्यात मी काय ते समजलो.

मग मी जे सगळे करतात तेच केलं, गाडी वॉशिंगला दिली. जुलै महिना. सेंटरचं नाव कशाला सांगू, पोरगं बिचारं कामाला चांगलं होतं, पण त्यानं केस न काढताच थेट फोम मारला सीटवर आणि खालच्या कार्पेटवर. मी म्हटलं अरे आधी केस काढ की, तर कानडीत म्हणे "एनू आगल्ल री", म्हणजे काही होत नाही हो. आता जुलैत बेळगावात ऊन कुठलं, पंधरा-पंधरा दिवस सूर्य दिसत नाही, कपडे घरात दोऱ्या बांधून वाळवतो आपण. सीटा वरून कोरड्या वाटायच्या पण कार्पेटच्या खाली जाड अस्तर असतं ते पाणी पिऊन बसलेलं, चौथ्या दिवशी दार उघडलं की ओल्या गोणपाटाचा वास, आणि केस होते तिथंच, उलट आता चांगले घट्ट बसलेले. शेवटी वर्कशॉपमध्ये गाडी उभी करून कार्पेटच्या कडा उचलल्या, खाली लाकडाचे ठोकळे लावले आणि दोन दिवस टेबल फॅन चालू ठेवला. (पुढच्या सीटखाली पिवळ्या कनेक्टरच्या वायरी दिसतील, त्या एअरबॅगच्या आणि बेल्टच्या असतात, त्यांना हात लावायचा नाही, ओढायच्या नाहीत, तिथं पाणीही जाऊ द्यायचं नाही.)

त्यातून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की केस कोरडेपणी काढायचे, धुणं नंतर. आणि व्हॅक्यूमनं केस निघत नाहीत, व्हॅक्यूम फक्त सुटलेले केस उचलतो. सोडवायचं काम हातानंच.

का, ते सांगतो. स्वतःच्या डोक्याचा एक लांब केस घ्या आणि चिमटीत धरून टोकाकडून मुळाकडं बोटं ओढा, बारीक खरखर लागते. उलटं ओढलं की गुळगुळीत. केसावर कौलांसारखे खवले असतात, कुत्र्याच्याही असतात, त्यामुळं केस एका दिशेनं आत सरकतो आणि बाहेर यायला नको म्हणतो. त्यात गाडीचं कार्पेट विणलेलं नसतं, धागे सुयांनी टोचून टोचून नमद्यासारखं दाबलेलं असतं, म्हणजे केसाला अडकायला जंगलच. वरून हवेनं ओढून तो काय येणार?

आणि केस जितका आखूड तितका ताप जास्त, हे कुणाला पटत नाही. आमच्या साडूंकडं गोकाकला मुधोळ जातीचा कुत्रा आहे, अंगाला एकदम चिकना, बघणाऱ्याला वाटतं ह्याचे काय केस गळणार. त्यांच्या डिकीत हात फिरवा एकदा. लांब केस गुंडाळी होऊन येतात तरी, मुधोळचे ते बारीक आखूड केस सुईसारखे उभे घुसलेले असतात, एकेक उपटावा लागतो.

तर पद्धत. सगळ्या मॅट बाहेर, झटकून भिंतीवर आपटायच्या. मग अर्धा लिटर पाण्यात चमचाभर कपड्यांचं कंडिशनर घालून स्प्रेच्या बाटलीत भरायचं आणि सीटवर नुसता फवारा, दव पडल्यासारखा, ओलं नाही करायचं. आताच तर कोरडेपणी म्हणालात असं म्हणाल, पण हे पाणी भिजवायला नव्हे, ह्यानं स्टॅटिक (घासून तयार होणारी वीज) मरतं. उन्हाळ्यात स्वेटर काढताना चटचट होतं असं नव्हे, ते थंडीत होतं, कोरड्या हवेत, तसंच हे, म्हणून डिसेंबर ते मार्च केस जास्त चिकटतात आणि पावसाळ्यात फवारा लागतच नाही. चमचाभर म्हणालो म्हणजे चमचाभरच, गुंड्याला सीट चाटायची सवय आहे आणि ते केमिकल कुत्र्याच्या पोटात जाणं बरं नाही, काम झालं की मी साध्या ओल्या फडक्यानं पुसूनच घेतो.

मग हातमोजा. तळवा सीटवर दाबायचा आणि आपल्याकडं ओढायचा, वीतभर, उचलायचा, परत तिथंच, एकाच दिशेनं. मागं-पुढं घासलं तर जे सुटलं ते परत आत. पहिल्या चार-पाच वेळा काही दिसत नाही, माणसाला वाटतं हा बेळगाववाला फसवतोय, आणि मग अचानक सीटच्या कडेला केसांच्या वाती जमायला लागतात. खरंच वाती, देवापुढं लावायला कापसाच्या वळतो तशा, लांबट, मधे जाड आणि टोकाला बारीक. आई एकदा बाहेर आली, सीटवर ओळीनं ठेवलेल्या बघितल्या आणि म्हणाली, "कार्तिक लागला काय रे?"

कार्पेटवर मोजा पुरत नाही. तिथं पाय घासायचा दगड, तो भोकाभोकांचा हलका असतो तो, अगदी हलक्या हातानं आणि एकाच दिशेनं. सीटच्या कापडावर हा दगड चुकूनही नको, कापडाला गोळे येतात आणि ते परत जात नाहीत, माझ्या तिसऱ्या रांगेच्या सीटवर एक हाताएवढा डाग आहे त्याचा, अजून बायको पाहुण्यांना दाखवते.

सीटच्या रुळांत, बेल्टच्या बकलात, मधल्या फटीत हात जात नाही. माझं लेथचं वर्कशॉप आहे म्हणून कॉम्प्रेसर आहे, प्रेशर कमी करून एअर गन मारतो, चारी दारं उघडी, तोंडाला फडकं, डोळ्याला चष्मा, आणि मुलगा पलीकडून व्हॅक्यूमचं तोंड धरून. पहिल्यांदा मारलं तेव्हा केसांबरोबर दोन चिंचोके, एक पेन्सिल आणि कुंद्याच्या मिठाईच्या डब्याचं झाकण निघालं. कॉम्प्रेसर नसेल तर जुना रंगाचा ब्रश घ्या, फार काही फरक नाही. बेल्ट पूर्ण बाहेर ओढून साध्या साबणाच्या पाण्यानं पुसायचा आणि पूर्ण वाळल्यावरच आत सोडायचा, ब्लीच लावू नका, धागा कमजोर होतो आणि बेल्ट काही शोभेचा नसतो.

हे सगळं झाल्यावर व्हॅक्यूम. दहा मिनिटांत होतं मग.

एसीचा फिल्टर मात्र सगळे विसरतात. आमच्या गाडीत ग्लोव्ह बॉक्सच्या मागं आहे, बॉक्स दोन्ही बाजूंनी दाबून खाली घेतला की दिसतो. मी पहिल्यांदा काढला तर त्यावर केस आणि चोर्ला घाटाच्या वाटेची लाल धूळ मिळून घोंगडी झालेली, एसी गार का होत नाही म्हणून मी मेकॅनिकला गॅस भरायला सांगणार होतो.

वासाला खायचा सोडा, रात्री भुरभुरायचा, सकाळी व्हॅक्यूमनं ओढून घ्यायचा. मुतलं असेल तर सोड्यानं भागत नाही, एन्झाइमवालं क्लीनर लागतं. आणि फिनेल नको, आपल्याला स्वच्छ वाटतं पण कुत्र्याच्या नाकाला ते सहन होत नाही आणि चाटलं तर विषच.

बाहेरच्या बॉडीचंही विचारतात, ते मी फारसं करत नाही. फक्त उद्यमबागेत रोज उभ्या राहणाऱ्या पांढऱ्या गाड्यांवर बारीक नारिंगी ठिपके येतात ना, तो गंज गाडीचा नसतो, फाउंड्री आणि ग्राइंडिंगची लोखंडाची कणी पेंटवर बसून गंजलेली असते. आयर्न रिमूव्हर मारलं की ती जांभळी होऊन ओघळते, बघायला मजा येते. घासायला जाऊ नका, चरे पडतील.

केस येऊच नयेत म्हणून काय? थंडी सरून फेब्रुवारी-मार्च लागला की लॅबचा आतला मऊ थर गळतो, तेव्हा गाडीत घ्यायच्या आधी पाच मिनिटं अंगणात ब्रश करायचा, निम्मं काम तिथंच संपतं. सीटवर आईची जुनी सुती साडी टाकून बघितली, शहापुरी, चांगली जाड, पण केस त्यातूनही आरपार. आता नायलॉनचं कव्हर आहे, ते झटकलं की झालं.

सगळं धरून अडीच तास लागतात, महिन्यातून एकदा. येत्या रविवारी वडगावचे दोघं गाडी घेऊन शिकायला येतो म्हणालेत. या की, चहा आहे. फक्त हातमोजे आपले आपले आणा, माझे आईनं परत सिंकखाली नेऊन ठेवलेत आणि आता द्यायला तयार नाही.