अक्षरांची पोटे

नाशिकमधल्या सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये लेझरने कापलेला पत्रा उचलला, तेव्हा खालच्या कचऱ्यात 'व', 'ब' आणि 'म' यांची पोटे पडलेली होती. गंगापूर रोडवरील एका बंगल्याच्या जिन्यासाठी मी ओवीच्या अक्षरांची पत्र्याची जाळी योजली होती आणि अक्षरातला बंद भाग कशाने तरी धरून ठेवावा लागतो, ही साधी बाब माझ्याच ड्रॉइंगमधून सुटली होती. "मॅडम, मध्ये बारीक पट्टी सोडायला पाहिजे होती," एवढेच कारागीर म्हणाले. पत्र्याचे पैसे अर्थातच माझ्या खिशातून गेले.

तेव्हापासून दुबईच्या 'म्युझियम ऑफ द फ्युचर'कडे मी वेगळ्या नजरेने पाहते. वास्तुरचनाकार शॉन किला यांची ही ७७ मीटर उंच इमारत फेब्रुवारी २०२२ मध्ये खुली झाली. तिच्या १,०२४ पॅनेलच्या वक्र कवचावर मत्तर बिन लाहेज यांचे अरबी सुलेखन आहे. मात्र ते वरून चिकटवलेले नसून, अक्षरे हीच तिथली खिडक्यांची तावदाने आहेत आणि दिवसा आत येणारा उजेड त्यांतूनच येतो. अक्षर पुसले तर खोलीत अंधार होईल, हे मला त्या सुलेखनाच्या देखणेपणापेक्षा मोलाचे वाटते.

अरबी लिपीला हे साधते, यामागे तिची घडणही आहे. तिची बहुतेक अक्षरे एकमेकांना जोडून लिहिली जातात आणि जोडणारी रेघ हवी तेवढी लांबवता येते. या ताणाला कशिदा म्हणतात. त्यामुळे ओळ जागेच्या मापाने लहानमोठी करता येते. शिवाय बोरूच्या टोकाने उमटणारा तिरप्या चौकोनाच्या आकाराचा ठिपका हेच अक्षराचे माप असते, म्हणजे अलिफ या पहिल्या, उभ्या रेघेच्या अक्षराची उंची ठिपक्यांत मोजली जाते. दहाव्या शतकातील इब्न मुक्ला यांच्या नावाशी जोडलेली ही पद्धत विटांच्या थरांवर उंची ठरवणाऱ्या आमच्यासारख्यांना लगेच कळते. चौकोनी कुफी शैलीत तर सगळ्या रेघा काटकोनात वळत असल्याने वीट हाच ठिपका होतो, आणि समरकंदच्या तैमूरकालीन भिंतींवर रंगीत विटांनी अशी अक्षरे रचलेली आहेत.

नुसती नक्षी म्हणून इंटरनेटवरून अरबी अक्षरे उचलून हॉटेलच्या पार्टिशनवर लावणे मला पटत नाही; अनेकदा ती उलटी तरी लागतात किंवा सुटी तरी पडतात. आपल्या पांडवलेण्यांतील तिसऱ्या लेण्यात ब्राह्मी लेख थेट कातळात कोरलेले आहेत, आणि तिथे भिंत आणि मजकूर वेगळे करताच येत नाहीत.

जिन्याची जाळी मी पुन्हा काढली. शिरोरेषा दोन्ही बाजूंच्या चौकटीपर्यंत ओढली, व प्रत्येक पोटाला तीन मिलिमीटरच्या दोन पट्ट्या ठेवल्या. नवा पत्रा सध्या पावडर कोटिंगला गेला आहे.