चौऱ्याण्णव पाहिजेत

रविवार, रात्री साडेअकरा

दहा वाजता एम-थ्रीची, म्हणजे इंजिनिअरिंगच्या गणित-३ ची, वही उघडून बसलो. दीड तासात गणितं पुष्कळ केली, पण सिलॅबसमधलं एकही नाही.

आमच्याकडे विषयाचे शंभर मार्क असे वाटलेत: आयएसई (सेमभरातल्या असाइनमेंट वगैरे) २०, एमएसई (सेमच्या मधली परीक्षा) ३०, ईएसई (सेमच्या शेवटची परीक्षा) ५०. माझे आयएसईला १६, एमएसईला १७. झाले ३३. ए प्लसला ८० लागतात, म्हणजे अजून ४७ हवेत. मागच्या सेमला मी इथेच थांबलो होतो आणि तोंडावर आपटलो होतो. ईएसईचा पेपर असतो शंभराचा, धरतात निम्मे. तेव्हा पेपरात ४७ नव्हे, ९४ पाहिजेत. लाप्लासपासून व्हेक्टर कॅल्क्युलसपर्यंत सगळं मिळून सहा मार्क सोडायची मुभा, आणि तीही तिसात सतरा आणणाऱ्याला!

नुसत्या ए ला ७० पुरतात. ७० वजा ३३, ३७, दुप्पट ७४. हे वाचायला तरी बरं वाटतं.

मग एक गंमत दिसली. ग्रेडचा पट्टा दहा मार्कांचा, पण पेपरात तो वीसचा होतो. ७४ पडले काय नि ९२ पडले काय, मला ए च मिळणार. (९३ चे साडेशेहेचाळीस होतात. तो वरचा अर्धा मार्क देतात की नाही, यावर होस्टेलात दोन तट आहेत.) म्हणजे ८५ साठी जीव काढण्यात ग्रेडपुरता काही अर्थ नाही.

उलट बाजूचा हिशेब मात्र झोंबला. असाइनमेंट दोन दिवस उशिरा दिली म्हणून दोन मार्क कापले होते. तेव्हा म्हटलं होतं, दोनच तर आहेत. पेपरच्या भावाने ते चार झाले. ते दोन हातात असते, तर आज ७४ च्या जागी ७० लिहिलं असतं. फाइल पूर्ण होती, फक्त इंडेक्स लिहायचा कंटाळा.

डेटा स्ट्रक्चर्सला १८ आणि २५, एकूण ४३. तिथे ए प्लसला ३७, म्हणजे पेपरात तेच ७४. एम-थ्रीचे क्रेडिट, म्हणजे निकालातलं विषयाचं वजन, चार; डेटा स्ट्रक्चर्सचे तीन. या सेमला वीस क्रेडिट आहेत, तेव्हा एका ग्रेडची, म्हणजे एका पॉइंटची, उडी एम-थ्रीत एसजीपीए (सेमची सरासरी) ०.२ ने वाढवते, डेटा स्ट्रक्चर्समध्ये ०.१५ ने. त्या जास्तीच्या ०.०५ साठी ९४ च्या मागे धावायचं? नाही. दोन्हीकडे ७४. उद्याचा दिवस डेटा स्ट्रक्चर्सला.

रूममेट पांघरुणातून म्हणाला, "अरे, एवढ्यात कन्व्होल्यूशन थिअरम पाठ झाला असता तुझा." खरं आहे, म्हणूनच राग आला.

संध्याकाळी आईचा फोन होता. "पास होशील ना रे?" तिच्या डोक्यात अजून दहावीचे ३५ आहेत. वीस शाळेच्या हातात, ऐंशी बोर्डाच्या, इतका सरळ कारभार. इथे एकूण ४० लागतात आणि ईएसईतही वेगळे ४० काढावे लागतात, हे तिला सांगत बसलो नाही. "होईन गं" म्हटलं.

एक आकडा कागदावर मांडायचा टाळत होतो. एमएसई देऊन बाहेर आलो तेव्हा मी छातीठोक २४ सांगितले होते, पडले १७. तिसात सातचा फरक, शंभराला तेवीस-चोवीस. म्हणजे पेपर देऊन आल्यावर मला ७४ वाटत असतील, तर हातात पन्नासच. तेवढ्यात बी प्लससुद्धा नाही, त्याला ५४ लागतात. जुन्या पेपरात स्वतःला मार्क देताना हात आखडता घ्यायला हवा. स्टेप चुकली की शून्य, "कळलं होतं" चे मार्क नाहीत.

पावणेबारा. पहिलं गणित इनव्हर्स लाप्लासचं, आठ मार्कांचं. म्हणजे चार.