न्यूजर्सी ते औसा: कॉम्प्युटर आणला, चालवला, त्याची गोष्ट

मार्चमध्ये चार वर्षांचा मुक्काम हलवून आम्ही न्यूजर्सीहून औसा तालुक्यातल्या गावी परत आलो. सामानात दोन डेस्कटॉप होते. एक माझा, रोजच्या कामाचा. दुसरा जुना, पुतण्यासाठी. तिकडे घरात १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. इथे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. 'तिकडचं लाइटवर चालणारं काहीच आणू नको, जळून जाईल' असं फोनवर सगळेच सांगत होते. पुढे कोणी असंच सामान घेऊन येणार असेल, त्याच्यासाठी हे सविस्तर लिहितो.

निघण्याआधी एक संध्याकाळ फक्त लेबलं वाचण्यात घालवा. वस्तू उलटी करायची आणि 'इनपुट'समोर काय छापलंय ते बघायचं. १००-२४० असेल तर ती जगात कुठेही चालते. लॅपटॉपचे, मोबाईलचे आणि बहुतेक मॉनिटरचे अॅडॅप्टर असेच असतात. हर्ट्झची काळजी नको, कारण एसएमपीएस, म्हणजे आतला वीजपुरवठा करणारा भाग, आलेला एसी आधी डीसी करून घेतो. आमच्या लेझर प्रिंटरवर मात्र नुसतं १२० होतं. तो तिथेच देऊन टाकला.

आणखी एक वस्तू चुकूनही आणू नका: तिकडचा सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे आपला स्पाईक बस्टर. त्याच्या आतला व्हॅरिस्टर, म्हणजे जादा व्होल्टेज शोषून घेणारा भाग, १२० च्या लाइनसाठी असतो. २३० वर लावला की तो स्वतःच पेटू शकतो. आणि नुसती पिन बदलणारा ट्रॅव्हल अॅडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही, हेही घरच्यांना सांगून ठेवा.

प्रवासाचं फार सांगण्यासारखं नाही. ग्राफिक्स कार्ड काढून हातातल्या बॅगेत घेतलं, बाकी डबा, म्हणजे कॅबिनेट, कपड्यांत गुंडाळला. मुंबईहून रात्रीच्या गाडीने लातूर, तिथून जीपने गाव.

घोटाळा दुसऱ्या दिवशी झाला. जुन्या डब्याच्या एसएमपीएसला मागे पंख्याशेजारी लाल बटन होतं, ११५ आणि २३० असं लिहिलेलं. लेबलं वाचताना मी ते पाहिलं होतं. गावात पोचल्यावर सरकवू म्हणून ठेवलं आणि विसरलो. मी अंघोळीला गेलो आणि पुतण्याने हौसेने केबल लावली. फटाका फुटावा तसा आवाज झाला. "काका, धूर निघायलाय!" म्हणून तो ओरडत आला. खोलीभर जळकट, मासळीसारखा वास. पोराचा चेहरा इतका पडला होता की आधी त्यालाच जवळ घेतलं. चूक माझी होती.

त्या बटनाचं काम समजून घ्या. ११५ वर ठेवलं की आतलं सर्किट आलेल्या एसीच्या सर्वोच्च व्होल्टेजची (११५ ला ते साधारण १६३) दुप्पट करून घेतं, म्हणजे साधारण ३२५ व्होल्ट डीसी. त्याच स्थितीत २३० दिले की साडेसहाशेच्या घरात जातं, आणि आतले वीज साठवणारे दोन कपॅसिटर मिळून सोसतात जेमतेम चारशे. उलट चूक झाली, २३० वर बटन आणि लाइन ११५ ची, तर सहसा मशीन नुसतं सुरू होत नाही. म्हणून बटन पॅकिंग करतानाच २३० वर सरकवा आणि वरून चिकटपट्टी लावा. आमचा मदरबोर्ड आणि डिस्क वाचली. लातूरला गंजगोलाईजवळ नवा एसएमपीएस घेतला, सोबत आपल्या तीन पिनांच्या दोन केबल. डब्याकडचं टोक सगळीकडे सारखंच असतं, त्यामुळे तिकडच्या केबलला अॅडॅप्टर लावत बसू नका.

माझ्या डेस्कटॉपला बटनच नव्हतं. त्याचा एसएमपीएस १००-२४० चा, आपोआप जुळवून घेणारा. गावात त्याचं खरं मोल कळलं. शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, ताण येतो. संध्याकाळी मीटर लावून पाहिलं तर १७४ व्होल्ट. ट्यूब धड लागेना, पंखा रेंगाळत होता, आणि कॉम्प्युटर बिनबोभाट चालू होता. रात्री साडेअकराला तीच लाइन २४६. नव्या आणलेल्या एसएमपीएसवर २००-२४० लिहिलंय. तो संध्याकाळी मध्येच बंद पडतो. म्हणून गावासाठी एसएमपीएस घेताना थोडे पैसे जास्त गेले तरी १००-२४० चाच मागा. नाहीतर स्टॅबिलायझर लागेल.

मग तिसरी गोष्ट, जी कोणीच सांगितली नव्हती. डब्याच्या पत्र्याला उघडा हात लागला की झिणझिण्या यायच्या. मीटरचं एक टोक पत्र्याला, एक बोअरच्या लोखंडी पाइपला लावलं: १०८ व्होल्ट. एसएमपीएसमध्ये फेज आणि न्यूट्रलकडून पत्र्याला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग असेल तर तो बारीकसा करंट जमिनीत जातो. नसेल तर पत्र्यावर जवळपास निम्मं व्होल्टेज उभं राहतं. आमच्या सॉकेटला तिसरं भोक होतं, पण मागे वायरच नव्हती. एक वायरमन म्हणाला, "न्यूट्रललाच जोडून देतो, काम होतंय." हे कधीही करू देऊ नका. न्यूट्रल तुटली की अख्खा डबा जिवंत होतो, आणि घरात लेकरं असतात.

परसात खड्डा घेतला, प्लेट, कोळसा, मीठ घालून अर्थिंग केलं, वायर सॉकेटपर्यंत आणली. झिणझिण्या गेल्या. मे महिन्यात परत मोजलं तर पत्र्यावर पुन्हा थोडं व्होल्टेज दिसायला लागलं होतं, कारण जमीन कोरडी ठणठणीत, आणि अर्थिंगचा खड्डा ओला ठेवावा लागतो. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तो हा भाग. प्यायचं पाणी खड्ड्यात ओतणं मनाला पटत नाही. भांडी विसळलेलं पाणी चालतं.

इकडून परदेशी डेस्कटॉप नेणाऱ्यांनी २००-२४० वाला एसएमपीएस अमेरिकेत किंवा १०० व्होल्टच्या जपानात चालेल असं धरू नये. यूपीएस आणि स्टॅबिलायझर घरीच ठेवावेत.

आता वहिनी रोज सकाळी भांड्यांचं पाणी बादलीत धरून ठेवते आणि पुतण्या शाळेला जाण्याआधी ते खड्ड्यात ओततो.